ऑस्टिनची खबर

बर्मिंगहॅम
१३ मे १९५६

प्रिय आई, प्रिय नोनी,

मी सुखरूप आहे. आधीच लिहायला हवं होतं, पण आधी खोली शोधत होते, मग नोकरी, मग पहिली खोली सोडून दुसरी. पहिल्या घरमालकिणीनं मला विचारलं, "तुमच्याकडे माणसं आणि डुकरं एकाच खोलीत झोपतात म्हणे?" मी म्हटलं, "हो, पण डुकरं भाडं देत नाहीत, म्हणून त्यांना पलंग मिळत नाही." दुसऱ्या दिवशी सकाळी पेटी उचलली. आता मिसेस टिंडलकडे आहे. ही बाई फारशी बोलत नाही. बटाटे मात्र उकडून उकडून त्यांचा लगदा करते.

मी बसवर कंडक्टर झाले आहे. हसू नकोस, नोनी. गळ्यात तिकिटांचं यंत्र, डोक्यावर टोपी, आणि दिवसभर वरच्या मजल्यावरून खाली, खालून वर. इथं आयरिश मुलगी दिसली की तिचं नाव बिडी. "ए बिडी, थांबव ना जरा इथं!" मी सांगते, "नाव डीलिया आहे, आणि थांबा पुढे आहे." ड्रायव्हर म्हणतो, माझ्याइतकी तोंडाळ पोरगी त्यानं आजवर पाहिली नाही. मी म्हटलं, माझ्या आईला पाहायला हवंस.

आई, रविवारची चर्चमधली मिस्सा चुकवत नाही. अंगावर गरम कपडे आहेत. लोकर पाठवू नकोस.

मी निघाले तेव्हा बेलमुलेटच्या बसपाशी तू एकच गोष्ट सांगितलीस, ती विसरलेले नाही. "तुझा भाऊ मला शोधून दे." शोधते आहे. पण इथं चर्चच्या पायरीवर उभं राहिलं की सगळा मुलूख समोरून जातो असं नाही. इथं माणसांना अंत नाही, आणि प्रत्येक जण पाठमोरा ऑस्टिनसारखा दिसतो.

तुमची
डीलिया

नोनी, हे दुसरं पान तुझ्यापुरतं. गोठ्यात नेऊन वाच.

ऑस्टिनच्या शेवटच्या पत्त्यावर जाऊन आले. तिथं घरच नाही. सगळी ओळ पाडून टाकली आहे, नुसता खड्डा, त्यात पाणी. समोरच्या गुत्त्यातली बाई म्हणाली, त्या घरातल्या भाडेकरूंना नाताळच्या आधीच हलवलं होतं. म्हणजे बाबा गेल्याची तार तू जानेवारीत केलीस, ती कुणाच्या हातात पडली देव जाणे. तेव्हापासून सगळं गाव म्हणतंय की पोटचा पोरगा बापाला खांदा द्यायला आला नाही. त्याला कळलंच नसेल, नोनी. हे आईला सांगायचं तर सांग. तिला बरं वाटेल की आणखी वाईट, ते मला इथून ठरवता येत नाही.


बर्मिंगहॅम
१९ ऑगस्ट १९५६

प्रिय नोनी,

आईला सांगितलंस ते बरं केलंस. "म्हणजे तो जिवंत असेल किंवा नसेल, दोन्ही," हे तिचं बोलणं वाचून मी पत्र मिटलं आणि फिरायला निघून गेले. एवढं चालले की परतताना रस्ता विचारावा लागला.

तुझ्या जॉन जोच्या आईचं तू लिहिलंस तेही कळलं. तिचंही चूक नाही म्हणा. मुलगा घरजावई म्हणून द्यायचा तर ज्या घरात द्यायचा ते घर आणि जमीन कुणाच्या नावावर आहे हे ती विचारणारच. आणि ऑस्टिनचं काय झालं हे कळल्याशिवाय आई कागदावर सही करणार नाही. तू लिहितेस, "तू त्याला मनापासून शोधतेस का, की नुसती शहर बघत हिंडतेस?" हे तू लिहायला नको होतंस.

मी मार्ग बदलून घेतला. पुन्हा बदलून घेतला. साहेब म्हणाला, "मिस पॅडन, तुला नक्की कुठं जायचंय?" त्याला काय सांगू? एका रस्त्यावर चार दिवस गेले की मला वाटतं तो दुसऱ्या रस्त्यावर आहे. मिसेस टिंडलचं घरही सोडलं. नवा पत्ता पाठीमागे लिहिला आहे. पायाला भिंगरी लागली आहे नुसती.

पण ऐक. शनिवारी नाचाच्या हॉलमध्ये बँगरकडचा पीटर रूडी भेटला. नाचताना त्याच्या तोंडून निसटलं की ऑस्टिनबरोबर तो खोदकामावर होता, आत्ताच, वसंतात. मी नाच तिथंच थांबवला. म्हटलं, "कुठं राहतो तो?"

"तुझ्या भावानं मला शपथ घातली आहे," तो म्हणाला.

"मीही घालीन, आणि माझी जास्त लागेल."

बराच वेळ तो टोपी हातात फिरवत उभा राहिला. मग म्हणाला, "हे बघ, मी काही सांगितलेलं नाही. पण कुणी कंडक्टर संध्याकाळच्या पाळीला स्पार्कब्रुकच्या रस्त्यावर तिकिटं फाडत असली, तर त्याला मी काय करणार?"

तो जिवंत आहे, नोनी. आईला अजून सांगू नकोस. मी डोळ्यांनी बघते, मग सांग.


बर्मिंगहॅम
९ सप्टेंबर १९५६

नोनी,

सापडला.

बस भरलेली होती. खालच्या मजल्यावर मागच्या बाकावर एक माणूस, मांडीवर लहान मुलगी, तिच्या डोक्यामागे त्याचा चेहरा लपलेला. मी म्हटलं, "तिकीट?" त्यानं मान वर केली. मी जी काय भाषणं तयार करून ठेवली होती त्यांतला एक शब्द आठवेना. तोच म्हणाला, "डीलिया, तुझी टोपी वाकडी आहे."

माझा तोल गेला आणि मी एका बाईच्या भाजीवर बसले.

पाळी संपल्यावर त्याच्या घरी गेले. आता नीट वाच आणि किंचाळू नकोस. त्यानं लग्न केलं आहे. तिचं नाव डोरीन. इंग्रज आहे. विधवा. पहिला नवरा छातीच्या दुखण्यानं गेला, ही मुलगी त्याची, लिनेट. डोरीन आपल्या धर्माची नाही, कुठल्याच चर्चला जात नाही. लग्न नोंदणीच्या ऑफिसात झालं. म्हणजे आपल्या फादरच्या लेखी झालंच नाही.

बाई कशी आहे म्हणशील तर मोठ्यानं हसते, मोठ्यानं रागावते, आणि ऑस्टिनचे मोजे रफू करते. मला आवडली. मला आवडायला नको होती.

बाबांचं त्याला कळलं आहे. मार्चमध्ये कळलं, दारूच्या गुत्त्यात. त्याबद्दल मी विचारलं तर उठून कोळसा आणायला गेला. कोळशाची बादली भरलेलीच होती. परत आल्यावर एवढंच म्हणाला, "आईला सांग, मी सापडलो नाही."

"असं कसं सांगू?"

"तर मग सांगूच नकोस. जमीन नोनीला द्या. मला काही नको. फक्त मला लिहायला लावू नकोस."

मी ओरडले. डोरीन ओरडली, माझ्या बाजूनं. मुलगी रडायला लागली आणि सगळे गप्प झालो. आता मी दर रविवारी तिथं जाते, कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसते, तो कागद पुढे ओढतो, "प्रिय आई" लिहितो आणि पेन खाली ठेवतो. असे कितीतरी "प्रिय आई" डोरीननं शेगडीत घातले आहेत.

नोनी, मी आईला काय लिहू? खोटं लिहिता येत नाही आणि खरं माझं नाही. म्हणून मी हवामान लिहिते. तूही तोंडाला कुलूप लाव, थोडे दिवस. तो लिहील. मला वाटतं तो लिहील.

डीलिया


घर
२७ जानेवारी १९५७

डीलिया,

तुझा भाऊ लिहील लिहील म्हणून मी नाताळ काढला. आता ऐक.

बाबांची वर्षाची मिस्सा झाली. आई पहिल्या बाकावर बसलीच नाही. दाराजवळ बसली. फादर म्हणाले, "पुढे या, मिसेस पॅडन." ती म्हणाली, "मला इथूनच बरं दिसतं." दार वाजलं की मान वळायची तिची. सगळं चर्च तिच्याकडे बघत होतं आणि मी जमिनीकडे.

घरी आलो. कोट न काढता ती चुलीपाशी बसली आणि म्हणाली, "नोनी, तू गोठ्यात जाऊन गाईला काय वाचून दाखवतेस?"

मी सांगितलं. सगळं सांगितलं. बाई, नोंदणीचं ऑफिस, मुलगी, दारूचा गुत्ता. तू शपथ घातली होतीस, माहीत आहे. पण तुला तिचा चेहरा बघावा लागत नव्हता.

तिनं चुलीत जळणारं टर्फचं ढेकूळ उलटं केलं. मग विचारलं, "जिवंत आहे ना?"

"आहे."

"धडधाकट?"

"हो."

"मग जाऊन त्याला बडवायला हरकत नाही."

मला वाटलं दुःखानं बोलते आहे. सकाळी उठून पाहते तर तिनं काळा कोट ब्रश करायला काढला होता. वेस्टपोर्टच्या पलीकडे आयुष्यात न गेलेली बाई, डीलिया. जॉन जो म्हणाला, "मी सोबत येतो." तर म्हणाली, "तू गाय सांभाळ. तेवढं जमलं तर जावई म्हणेन." फादरही येऊन समजावून गेले. त्यांना तिनं चहा दिला आणि बोटीची वेळ विचारली.

ती आठ तारखेला, शुक्रवारी, तुझ्याकडे पोचेल. स्टेशनवर वेळेत जा.

आता माझं. तू मला दर पत्रात विचारतेस आई कशी आहे, गाय कशी आहे, छत गळतं का. मी कशी आहे हे शेवटचं कधी विचारलंस? ऑस्टिन गेला, मग तू गेलीस. समुद्रावरून शेवाळ पाठीवर वाहून आणून या खडकाची माती मी केली आहे. मला ही जमीन हवी आहे. मला जॉन जो हवा आहे. हे लिहिताना मला लाज वाटत नाही, आणि तू वाचताना वाटून घेऊ नकोस. तुझ्या भावाला एवढं सांग.

नोनी


बर्मिंगहॅम
१७ फेब्रुवारी १९५७

प्रिय नोनी,

तुझ्या पत्रातलं शेवटचं मी पुन्हा पुन्हा वाचलं. तू कशी आहेस, नोनी? खरंच विचारते आहे. उत्तर लिही, लांब लिही.

आई आज संध्याकाळच्या गाडीनं परत निघाली. तुला हे पत्र पोचेल तोवर तिनं तुला अर्धं सांगितलेलं असेल. दुसरं अर्धं ती सांगणार नाही, म्हणून लिहिते.

त्या शुक्रवारी ती गाडीतून उतरली तेव्हा एका हातात सोललेली कोंबडी, वर्तमानपत्रात गुंडाळलेली, दुसऱ्या हातात बटाट्यांची पिशवी. बोटीत रात्रभर ताठ बसून जपमाळ ओढली होती म्हणे, कारण आडवं झालं की बोट बुडते असं शेजारच्या बाईनं सांगितलं. मला म्हणाली, "वाळलीस. तो कुठाय?"

तो घरी नव्हता. येतो म्हणून कबूल केलेलं, आणि आम्ही पोचायच्या जरा आधी कोपऱ्यापर्यंत जाऊन येतो म्हणून निघून गेला होता. दारात डोरीन, ओठाला लाल रंग, नवा एप्रन, चेहरा पांढराफटक. "या ना, बसा ना," असं तीन-तीनदा म्हणत होती. आई बसली. कोट काढला नाही. लिनेटनं तिच्याकडे टक लावून पाहिलं आणि विचारलं, "तुम्ही रागावल्या आहात का?" आई म्हणाली, "अजून नाही. ज्याच्यावर रागवायचं तो आलेला नाही."

वाट पाहून पाहून डोरीननं जेवण वाढलं. सकाळपासून शिजवलेला गोमांसाचा रस्सा. शुक्रवारी! मी डोळ्यांनी खुणावते आहे, तिला काही कळत नाही. आईनं ताटाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग काट्यानं मांस हळूच एका कडेला सारलं आणि बटाटे खाल्ले. सगळे. डोरीन म्हणाली, "मांस आवडलं नाही का?" आपल्यात शुक्रवारी मांस चालत नाही, हे मला सांगावंच लागलं. बिचारी उठून उभी राहिली, डोळ्यांत पाणी. "मला कुणी सांगितलं का? त्यानं सांगितलं का मला? त्यालाच वाढलंय मी दर शुक्रवारी!"

आई म्हणाली, "बस, बाई. बटाटे फुटू दिले नाहीस. या देशात आल्यापासून पहिल्यांदा नीट बटाटा पाहिला."

आणि तेवढ्यात ऑस्टिन आला. दारातच उभा राहिला. केस ओले, पावसात चालून आलेला. आई उठली नाही. तिनं आयरिशमध्ये बोलायला सुरुवात केली आणि दोनच वाक्यांनंतर थांबली. डोरीनकडे पाहिलं आणि इंग्रजीत म्हणाली, "नको. हिच्या घरात हिला कळेल असंच बोलू." तुला माहीत आहे तिचं इंग्रजी. एकेक शब्द विहिरीतून ओढून काढल्यासारखं.

"तुझ्या वडिलांचं तुला कधी कळलं?"

"मार्चमध्ये. गुत्त्यात एक आपल्याकडचा माणूस म्हणाला, तुझ्या वडिलांचं वाईट झालं. त्याला वाटलं मला माहीत आहे. मीही तसंच दाखवलं, आई. त्याला एक ग्लास पाजला. बाप मेलेला आपल्यालाच माहीत नाही, हे कसं सांगू त्याला?"

"मग मला का नाही लिहिलंस?"

"काय लिहू? बाप पुरून दोन महिने झाले आणि आता मी रडतो आहे, असं?"

"मी जिवंत आहे, असं. तीन शब्द. शाळेत पाठवलं होतं तुला."

आईनं ताट बाजूला सारलं.

"समुद्रात बोट बुडाली तरी एखादी फळी किनाऱ्याला लागते, ऑस्टिन. मी वर्षभर किनाऱ्यावर फिरले. तुझी एक फळीसुद्धा लागली नाही मला."

तेव्हा तो रडला. बाबांसारखाच रडतो, नोनी, आवाज न करता, खांदे हलवत. डोरीननं त्याच्या पाठीवर हात ठेवला. आईनं तो हात पाहिला. मी आईकडे पाहत होते, म्हणून मला दिसलं. तिनं तेव्हा कुठं कोट काढला.

आठवडाभर ती माझ्या खोलीत राहिली आणि रोज त्यांच्याकडे गेली. सगळं गोड झालं असं समजू नकोस. नोंदणीच्या लग्नावरून तिनं डोरीनला सरळ सांगितलं, "मी याला लग्न म्हणत नाही." डोरीन म्हणाली, "मी म्हणते." त्यावर दोघी एक अख्खा दिवस बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी कोंबडीचा रस्सा कसा करायचा यावरून भांडल्या, आणि ते भांडण मात्र दोघींनाही आवडलं.

जमिनीचं काल झालं. आई म्हणाली, "घर आणि जमीन नोनीची. तुला काही म्हणायचंय?"

"नाही. तिचीच आहे."

"इथं म्हणून उपयोग नाही. तिच्या लग्नात ये आणि सगळ्यांसमोर म्हण. म्हणजे उद्या कुणी तिला टोचणार नाही."

तो पांढरा पडला. डोरीननं विचारलं, "आणि मी?"

आई बराच वेळ टेबलावरचे ब्रेडचे तुकडे गोळा करत राहिली. मग म्हणाली, "तुला बोट लागते?"

"माहीत नाही. कधी बसले नाही."

"मग बसून बघ."

सही कर म्हणून तिच्या मागे लागू नकोस. घरी आल्या आल्या करणार आहे.

तुझी
डीलिया


बर्मिंगहॅम
३० जून १९५७

प्रिय नोनी,

मिसेस जॉन जो म्हणू का आता? नको, तोंडात बसत नाही.

तू नवरी होतीस, तुला काही दिसत नव्हतं. तेव्हा ऐक. ऑस्टिन येता येता राहिला असता.

होलीहेडला बोटीच्या फळीपाशी पोचलो आणि त्यानं बॅग खाली ठेवली. "तुम्ही व्हा पुढे. मी पुढच्या आठवड्यात येतो." लग्न परवावर, आणि हा पुढच्या आठवड्यात येतो! मागून लोक ढकलतायत, "चला हो पुढे, नाहीतर बाजूला व्हा!" मी काही बोलायच्या आत डोरीननं एका हातानं लिनेटला पकडलं, दुसऱ्या हातानं डोक्यावरची टोपी. "ऑस्टिन, ही टोपी मी या लग्नासाठी घेतली आहे. टोपी आयर्लंडला चालली. तू तुझं बघ." आणि चढली की! एकदाही मागे वळली नाही.

तो माझ्याकडे पाहायला लागला. मी म्हटलं, "जॉन जोच्या आईच्या तावडीत तिला एकटीला सोडणार आहेस?"

शिवी हासडली त्यानं. बॅग उचलली आणि अशा कोपरखळ्या मारत वर धावला की नन्सच्या एका जथ्थ्याची दाणादाण उडाली. आणि हो, डोरीनला बोट लागते. डब्लिनपर्यंत हिरवी होती. टोपी मात्र शाबूत.

तुझ्या सासूनं तिला गाठलंच होतं, तुला सांगितलं का कुणी? जेवणाच्या वेळी, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, "आणि तुमचं लग्न कोणत्या चर्चमध्ये झालं, बाई?" चमचे थांबले. आई टेबलाच्या त्या टोकाला. म्हणाली, "मार्गरेट, तुझ्या ताटातलं गार होतंय." एवढंच. मग ऑस्टिन उठला आणि जमिनीचं बोलला. ते तू ऐकलंस. तू रडलीस ते मी पाहिलं.

दुसऱ्या सकाळी तो एकटा बाबांच्या थडग्यावर गेला. आई म्हणाली, कुणी मागे जाऊ नका. परत आला तेव्हा पँटचे गुडघे ओले होते. आईनं काही विचारलं नाही. दुसरी पँट काढून दिली, बाबांची. त्याला आखूड झाली.

गावात सगळे त्यांच्याशी बोलले असं नाही. फादर बोलले नाहीत. पुढेही बोलतील असं वाटत नाही. परतताना डोरीन बोटीवर म्हणाली, "तुझी आई मला अजून सून म्हणाली नाही." मी म्हटलं, "तिनं तुला अंडी दिली ना बांधून?" "दिली." "मग झालं."

आज रविवार, म्हणून त्यांच्याकडे गेले. ऑस्टिन टेबलाशी बसून जीभ बाहेर काढून आईला पत्र लिहीत होता. मला विचारतो, "पत्रात काय लिहायचं असतं गं?" मी म्हटलं, काय खाल्लं, पाऊस पडला का, कोण भेटलं. त्यानं ते सगळं लिहिलं. शेगडीत काही गेलं नाही.

मी माझ्या खुर्चीवर बसून राहिले आणि मला कळेना की मी इथं का आले आहे. वर्षभर मी तुम्हाला लिहिलं ते त्याच्याबद्दल. तो सापडला, तो लिहीत नाही, तो येतो, तो येत नाही. आता त्याचं तो लिहितो. माझ्याकडे सांगायला उरले आहे ती मीच, आणि तेच मला जड जातंय.

तू लग्नाच्या दिवशी मला मिठी मारून कानात म्हणालीस, "राहा ना इथंच, डीलिया. खोली आहे." मी नाचायला पळाले, कारण उत्तर माहीत होतं. दाराआडच्या माझ्या खुंटीवर जॉन जोचा कोट होता, नोनी, आणि मला वाईट वाटलं नाही. मी दोन दिवस त्या घरात फिरले आणि चहा कुठल्या डब्यात आहे ते विचारावं लागलं. तिसऱ्या दिवशी पाय शिवशिवायला लागले. इथं परत आले तर इथंही तेच. बस फिरते, मी फिरते, संध्याकाळी दोघी होतो तिथंच. आता कुणाचा चेहरा शोधायचा नाही, तर मला ते सगळे चेहरे नुसते दमलेले दिसतात.

म्हणून शुक्रवारी नोकरी सोडली. लिव्हरपूलला एका इस्पितळात नर्सचं शिक्षण देतात, राहायलाही देतात. त्यांनी ये म्हटलं आहे. तिथं किती दिवस टिकेन, सांगता येत नाही. कदाचित तिथूनही उठेन. कदाचित कॅनडा. डोरीन म्हणते, "तुला नवरा शोधायला हवा." ऑस्टिन म्हणतो, "नवऱ्याची कीव येते." मला वाटतं मला फक्त खिडकी हवी आहे, जिच्यातून काहीतरी वेगळं दिसतं.

तुला हे पटणार नाही. तुझ्या पायांना मुळं आहेत आणि मी त्यांची कधी थट्टा केली असेल, तर आता करणार नाही.

लिव्हरपूलचा पत्ता पोचल्या दिवशीच पाठवीन. आईला म्हणावं, काळा कोट बाहेर काढू नकोस, कुणाला शोधायला यायचं नाहीये. मी हरवलेले नाही. नुसती निघाले आहे.

तुझी
डीलिया